कधीच काळा न होणारा रुमाल

प्रसूतिगृहासमोरच्या औषध दुकानाच्या पायऱ्यांवर ही झुंबड! मधोमध रुमालबाबा. बाळाच्या तळव्याला पांढराशुभ्र रुमाल लावायचे, डोळे मिटायचे आणि गरजायचे, "रोग असता तर रुमाल काळा पडला असता! बाळ ठणठणीत!" बाबांचं म्हणे आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

कालचीच एक बाळंतीण लेकीला छातीशी धरून रांगेत उभी होती. सकाळी नर्सबाई म्हणाल्या होत्या, "बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊ. काही आजार जन्मतः दिसत नाहीत, पण लवकर कळले तर औषध आहे. नको म्हणायचा हक्क तुमचा, फक्त समजून घेऊन ठरवा." नवऱ्याचं एकच, "एवढ्याशा जिवाला सुई कशाला? बाबा सांगतात की!" तिला मात्र नर्सबाईंचं बोलणं आठवत होतं.

नंबर लागला. रुमाल पांढराच.

"बाबा, हा कधी काळा झालाय?" तिने विचारलं.

"माझ्याकडे भाग्यवान बाळंच येतात, ताई!" लोक हसले.

"म्हणजे कधीच नाही? अहो, बहुतेक बाळं निरोगीच जन्मतात. सगळ्यांनाच ठणठणीत म्हटलं की झालं! दुकानाचं कुलूपसुद्धा एवढं बरोबर सांगेल."

"शंका घेतली की रुमाल रागावतो!"

"गप्प बस गं," नवरा खेकसला. "चुकलं असतं तर कुणी ओरडलं नसतं?"

"मी ओरडले होते."

दुकानातून औषध घेऊन निघालेली एक बाई थबकली होती. कडेवर चार वर्षांची मुलगी, अजून ना चालणं, ना बोलणं. "हिचाही रुमाल पांढराच होता. मी रक्त घेऊच दिलं नाही. थायरॉइड कमी होतं. पहिल्यापासून रोज एक गोळी मिळाली असती, तर आज धावली असती माझी पोर. जाब विचारायला आले, तर इथल्याच लोकांनी मला हाकललं."

"ज्याचं त्याचं नशीब," बाबा पुटपुटले. "पुढचं बाळ आणा!"

आणि पुढचं बाळ खरंच पुढे आलं.

नवरा मात्र त्या मुलीच्या लोंबत्या पायांकडे बघत राहिला. "चल, नर्सबाईंकडे," तो म्हणाला.

सुई टोचली, लेकीने टाहो फोडला, आईलाही रडू फुटलं.

"वाईट निघालं तर?" तिने विचारलं.

"तर लगेच उपचार सुरू," नर्सबाई म्हणाल्या. "निकाल येईपर्यंत काळजी वाटणारच."

मंडळी, जो कुणालाच 'रोग आहे' म्हणत नाही, त्याच्या 'रोग नाही'वर विसंबू नका. ज्यांच्या बाबतीत तो चुकला ते त्याच्या रांगेत परत येत नाहीत, त्यांना शोधून विचारा. आईबापांना निवडीचा हक्क आहेच, पण भोगावं लागतं बाळाला, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.