खांदेकऱ्याचा निवाडा

सुनावणीच्या खोलीबाहेर डर्व्हलाने तान्ह्या ऑर्नाला पाजलं, ढेकर काढली आणि बहिणीच्या कडेवर दिलं. तिची नर्स म्हणून नोंदणी राहते की जाते, ते आज ठरायचं होतं. डॉक्टर लोहान म्हणत होते, हिने मनानेच दुप्पट डोस दिला. ती म्हणत होती, त्यांनीच फोनवर सांगितला.

समितीच्या अध्यक्षांच्या खुर्चीत फिंटन कॉमरफर्ड दिसताच ती वकिलाच्या कानाला लागली. "यांनी लोहानांच्या वडिलांना खांदा दिलाय. मी होते ना तिथे! चर्चमध्ये रांगेने घरच्यांचे हात हातात घेत, 'तुमच्या दुःखात आम्ही आहोत' म्हणत, आपल्या रीतीप्रमाणे."

वकिलाने हरकत घेतली. कॉमरफर्ड हसले.

"अहो, चिमूटभर देश आपला. किती वर्षं झाली त्याला! एक खांदा कमी पडत होता, मी लावला. शवपेटी काय रस्त्यात ठेवायची?"

लोहानसुद्धा हसले. समितीने हरकत फेटाळली. कारण दिलं: सगळी हकिकत ठाऊक असलेल्या समंजस माणसाला यात पक्षपाताची शंका येणार नाही. जुनी ओळख म्हणजे पक्षपात नव्हे.

मग वॉर्डच्या सिस्टर अट्रॅक्टा आल्या. डर्व्हलाची एकुलती एक साक्षीदार. फोन स्पीकरवर होता आणि डोस त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

"आरोपीच्या मुलीच्या तुम्ही धर्ममाता ना?" कॉमरफर्डनी मऊ आवाजात विचारलं.

"हो. गेल्याच महिन्यात बाप्तिस्मा झाला."

"मग माया असणारच."

"बाप्तिस्म्याला बाळ हातात धरलं म्हणून माझे कान गेले का हो? आणि तुम्ही पेटी धरलीत ती?"

"तो मुद्दा संपलाय, सिस्टर."

निकालात एक ओळ होती: साक्षीदाराचे कौटुंबिक संबंध पाहता समंजस माणूस या साक्षीवर विसंबणार नाही. नोंदणी रद्द करण्याची शिफारस.

बाहेर ऑर्ना भुकेने रडत होती. डर्व्हलाने तिला उचलून छातीशी धरलं. "पोरी, मी धर्ममाता व्हायलाच नको होतं गं," अट्रॅक्टा पुटपुटल्या. तेवढ्यात कॉमरफर्ड कोट घालून आले. त्यांनी बाळाच्या गालाला बोट लावलं.

"गोड आहे हो." मग हात पुढे केला. "तुमच्या दुःखात आम्ही आहोत."

आणि लहानपणापासूनच्या सवयीने डर्व्हलाचा हात आपोआप पुढे झाला.

"आभारी आहे," ती म्हणाली.