कडक कपड्यांचं भाडं

घर बघायला जायचं ठरलं तेव्हा तिघांचे कपडे मी आदल्या दिवशीच काढले. खळ दिली, पाणी शिंपडून गुंडाळून ठेवले आणि इस्त्री स्वतः फिरवली. सुनेवर सोडलं नाही. ती कॉलर मधून टोकाकडे दाबते, मग सगळी सुरकुती टोकाला जाऊन बसते. किती वर्षं सांगतेय, पण दगडावर पाणी.

आमचं घर इस्त्रीवर चालतं. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, दुकान विका. मी म्हटलं, विकणार नाही आणि तुम्हाला तर मुळीच नाही. इस्त्रीवाल्याच्या घरचं माणूस चुरगळलेलं दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, म्हणून आम्ही कांदे आणायला निघालो तरी एखाद्या घरी मुलगी बघायला निघालोय असं वाटतं. ही आमची रीतच आहे.

आता दुकान आणि मागची खोली दोन्ही हातची जाणार होती. मालकाने भाडं इतकं चढवलं की मी आधी ऐकूच आलं नाही असं केलं. तर त्याने परत सांगितलं, सावकाश, बहिऱ्याला सांगतात तसं. जमत नसेल तर महिनाअखेर किल्ली द्या, म्हणाला.

मुलगा रोज मोबाईलमध्ये डोकं घालून बसायला लागला. एक दिवस म्हणाला, "आई, खेड्याकडे भाडं निम्म्याहून कमी आहे. कमाईच्या तिसऱ्या हिश्शात घरभाडं बसलं तर ते घर परवडतं, असा नियम आहे. तिथे आपलं बसतंय."

"कुठल्या कमाईचा तिसरा हिस्सा? इथल्या की तिथल्या?"

"आपल्या."

"आपली कमाई काय ट्रंकेत भरून नेणार आहेस? ती इथल्या लोकांच्या शर्टांवर आहे."

सून हसली. मुलाने तिच्याकडे बघितलं तशी ती भांडी घासायला गेली. पण मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं तर अंथरूणच कुणीतरी खालून ओढत होतं. तेव्हा म्हटलं, चल, बघून तर येऊ.

बस फाट्यावर सोडून गेली. घरापर्यंत चालत जायचं होतं, आणि वाटेत मला पहिल्यांदा धास्ती वाटली. मी दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे बघत चालले होते. कामाच्या जाड पँटी, बनियनं, पोरांचे गणवेश, ग्रीसचे डाग पडलेले डगले. सबंध गल्लीत कॉलरचा पांढरा शर्ट म्हणून दिसेना. एका ओसरीत गादीखाली गणवेश दाबून ठेवलेला दिसला, घडी पडावी म्हणून. तो गणवेश बघितला आणि समजलं, इथे गादीच इस्त्री करते, आणि गादी काही पैसे मागत नाही.

मुलाला म्हटलं, "इथे कोण देणार रे आपल्याला कपडे?"

"आई, आधी घर तर बघ."

"घरच बघतेय. घर काय नुसत्या भिंतींचं असतं?"

घरमालक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा होता. हात पुसत बाहेर आला, आणि आम्हाला बघून परत पुसले. एक लांबट घर, मधे भिंत घालून दोन भाग केलेले. पुढचा रिकामा, मागच्यात दवाखान्यातल्या सिस्टर म्हाताऱ्या वडिलांना घेऊन राहायच्या.

"गाडी कुठे लावलीत?" त्याने विचारलं.

"बसने आलो," मुलगा म्हणाला.

"वा! मोठी माणसं अशीच साधी असतात."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण कुणी मोठं म्हटलं की कुणाला वाईट वाटतं? मी मान ताठ करून आत गेले.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी नखाने भिंत खरवडली, चुना भुसभुशीत निघाला. मोरीच्या तोंडाशी वास घेतला. नळ सोडला तर आधी खोकला, मग लाल पाणी, मग बरं पाणी. खिडकी दोन माणसं उभी राहतील एवढी होती. तिच्याखाली इस्त्रीचं टेबल कसं बसेल ते सून वितीने मोजत होती, मला दिसणार नाही अशा बेताने. मला दिसलं. शहरात आमच्या टेबलाला उजेड कधी मिळालाच नव्हता.

मी दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला, आणि लगेच मंदावला.

मागच्या अंगणातून सिस्टर बोलल्या, "विहिरीवरचे पंप सुरू झाले असतील, काकू. दुपारभर असंच असतं. माझी इस्त्री नुसती कोमट होते, हा कोट मी पहाटे उठून करते." त्यांच्या हातात धुतलेला पांढरा कोट होता. गल्लीतली तेवढी एकच कॉलर.

मुलाने न ऐकल्यासारखं केलं. घरमालकाला म्हणाला, "ठीक आहे. फोनवर ठरलं तेच ना?"

घरमालकाने फोनवरच्या दीडपट आकडा सांगितला.

"फोनवर तुम्ही बोललात की तुमचा पोपट?" मी म्हटलं.

"मीच बोललो, मावशी. पण फोनवर माणूस दिसत नाही." त्याने मुलाच्या शर्टावरून नजर फिरवली, मग सुनेवरून, मग माझ्यावरून. "तुम्हाला काय जड आहे?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आम्ही तर नखशिखान्त दाखवलं होतं.

मी खरं सांगितलं. बाहेरच्या माणसासमोर असं मी जन्मात बोलले नव्हते. म्हटलं, "अहो, आम्ही लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरतो. अंगावरचे हे कपडे म्हणजे आमच्या दुकानाची पाटी, श्रीमंती नव्हे. आम्हाला तिथून उठवलंय म्हणून इथे आलोय."

तो इतका हसला की त्याला भिंतीला हात टेकावा लागला. "मावशी, भाव करावा तर तुम्हीच! इस्त्रीवाली म्हणे!"

"खरंच सांगतेय ती," मुलगा म्हणाला.

"मीही खरंच सांगतोय. शहरात ह्या पैशात जिना तरी मिळेल का?"

माझ्या जिभेला सगळे भितात. गिऱ्हाईकं भितात, सून भिते, पाणी सोडणारा माणूससुद्धा भितो. त्या खोलीत मात्र मी जितकं बोलले तितकी मी त्याला बनेल वाटत गेले. हात पुढे केले, तळव्यावरचे भाजल्याचे डाग दाखवले. म्हणाला, स्वयंपाकात सगळ्यांनाच भाजतं.

मुलगा मनातल्या मनात त्याचा तिसरा हिस्सा करत होता. ओठ हलताना मला दिसत होते. आकडा काही बसेना. शेवटी म्हणाला, "नाही जमणार."

"राहू द्या. आता माझ्या घराचा भाव मला समजला." घरमालक अंगणाकडे वळला. "सिस्टर, तुमच्या भागाचंही पुढच्या महिन्यापासून बघावं लागेल. ऐकलंत ना, शहरातली माणसं बघायला येतात आता."

"अहो, ही माणसं नाही म्हणून चाललीत," सिस्टर म्हणाल्या.

"ही चालली. दुसरी येतील."

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पायात चपला घातल्या.

फाट्यावर येऊन आम्ही उभे राहिलो. सून म्हणाली, "आई, खिडकी छान होती." मी तिला गप्प बस म्हणणार होते, पण म्हटलं, "होती." मुलगा परत मोबाईल काढून त्याच भागातली आणखी घरं बघत होता. एक सापडलं. तिथून बस आठवड्यातून दोनदाच होती.

तेवढ्यात सिस्टर भरभर चालत आल्या. मला वाटलं, शिव्या घालणार. मी ऐकून घ्यायला तयारही झाले होते.

धाप टाकत म्हणाल्या, "काकू, तुमची शहरातली खोली रिकामी होतेय ना? तिथे मोठी इस्पितळं आहेत, मला काम मिळेल. एकच खोली पुरे. वडिलांची खाट आणि मी. भाडं किती आहे हो?"

मी आकडा सांगितला.

त्यांना वाटलं, वर्षाचा. "वर्षाला ना?"

"महिन्याला."

त्या मैलाच्या दगडावर टेकल्या. मग म्हणाल्या, "मग तिथली माणसं भरतात तरी कसं?"

मुलाने मोबाईल खिशात घातला. सुनेने मान खाली घातली. कधी नव्हे ते सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काहीतरी सांगेन म्हणून.

"नाही भरत बाई," मी म्हटलं. "म्हणून तर आम्ही तुमच्याकडे आलो होतो."