लिव्हचं नाव

आमच्या बेटांवर रीत अशी, की पहिली बायको गेल्यावर पुरुषानं दुसरी केली तर दुसरीच्या पहिल्या मुलीला गेलेलीचं नाव द्यायचं. आन्फिनची पहिली बायको लिव्ह तापानं गेली होती. तिला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दुसरीला, म्हणजे ओस्नेला, मुलगी झाली तेव्हा नाव काय ठेवणार हे कुणी विचारलंच नाही. लिव्हची आई मार्ते त्याच घरात राहायची. तिनं टोपडं विणायला घेतलं. बाळंतपण अवघड गेलं होतं, आणि आता दुसरं मूल व्हायचं नाही असं सुईण सांगून गेली होती. लिव्हचं नाव राहायचं तर याच पोरीकडून.

ओस्नेला ते नाव नको होतं. लिव्ह म्हणजे जीवन, असंच सगळे समजत. नाव जीवन, आणि बाई ऐन तारुण्यात गेली. असलं नाव आपल्या पोरीला कसं लावायचं? पण हे मार्तेसमोर बोलायचं कुणी?

बाळंतीण काही आठवडे चर्चमध्ये जात नसे. बाळाला नेऊन पाद्र्याला नाव सांगायचं काम धर्ममातेचं, आणि धर्ममाता होती ओस्नेची थोरली बहीण युरुन. बाप्तिस्म्याला निघताना ओस्नेनं तिला दारामागे गाठलं.

"ताई, पाद्र्यानं विचारलं की डाग्नी सांग."

"आणि तुझा नवरा बाकावर बसून ऐकेल, त्याचं काय?"

"एकदा डोक्यावर पाणी पडून नाव लागल्यावर तो काय करणार?"

"बरं आहे तुझं. तू घरात उबेला, शिव्या खायला मी." पण युरुननं मान डोलावली.

दुपारी होडी परतली. आन्फिननं बाळ पाळण्यात ठेवलं आणि तो तसाच परत किनाऱ्याकडे गेला.

"झालं तुझ्या मनासारखं," युरुन दारातूनच म्हणाली. "येताना नुसता वल्ही मारत होता. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." कॉफीलाही न थांबता ती गेली.

मार्ते चुलीपाशी मासे साफ करत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती भांडली असती तर ओस्नेला बरं वाटलं असतं.

"मार्तेआजी, मला भीती वाटली हो. नाव जीवन, आणि तरी..."

"जीवन?" मार्तेची सुरी थांबली. "कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतात."

"सगळ्यांना काय कळतंय. वारा झोडपायला लागला की आपण होडी खडकामागे घेतो, त्या जागेला काय म्हणतो?"

"लिव्द."

"त्याच शब्दातलं हे लिव्ह. आडोसा. लिव्ह माझ्या पोटात होती तेव्हा तिचा बाप वादळात सापडला, खडकामागे लपून वाचला. म्हणून लिव्ह. खूप जगावं म्हणून ठेवलंच नव्हतं, पोरी."

जे त्या नावात नव्हतंच, त्याला ओस्ने भ्याली होती.

"घरात आपण तिला लिव्हच म्हणू या," ती म्हणाली.

"नको. पाणी एका नावानं पडलंय. दोन दोन हाका मारून पोरीचा घोटाळा कशाला करतेस?"

मार्तेनं हात धुतले, ॲप्रनला पुसले आणि ती पाळण्याशी वाकली.

"डाग्नी म्हणजे नवा दिवस, ना?"

"हो," ओस्ने म्हणाली.

"डाग्नी," मार्तेनं हाक मारली. त्या घरात ते नाव सगळ्यांच्या आधी तिनंच घेतलं. बाळानं डोळे उघडले. ओस्नेला हवं होतं तेच झालं होतं, आणि तिला मार्तेकडे बघवत नव्हतं.