पायात येणारी कप्पी

मी एक कप्पी आहे, आणि आधीच सांगते, माझं डोकं फिरलेलं आहे.

कारखान्यातून निघाले ती थेट एका लहान शिडाच्या होडीत आले. मागच्या बाजूला बसायची जागा होती, तिच्या अगदी मधोमध तळाला मला स्क्रूंनी आवळलं. शिडाचा दोर माझ्यातून जायचा. मालकीणबाई एका हातात सुकाणू धरायच्या, दुसऱ्या हातात तो दोर. वारा चढला की दोर सोडायचा, पडला की ओढायचा. दुसरं माणूस लागतच नसे. आठवडाभर शाळेत पोरांचा गोंगाट ऐकायचा आणि सुट्टीला एकटीनं पाण्यावर जायचं, एवढीच बाईंची चैन होती.

मी पायात येते, कबूल. पण बघून चालायचं नाही आणि खापर कप्पीवर फोडायचं, ही माणसांची जुनी खोड! एकदा बाईंच्या नणंदेचे यजमान होडीत आले आणि त्यांची नडगी माझ्यावर आपटली.

"वहिनी, ही काय धोंड मध्येच? पाय पसरायला जागा नाही!"

झालं! बाईंना न विचारता त्यांच्या नवरोबांनी मिस्त्री बोलावला. मला उपटून होडीतल्याच एका डब्यात कोंबलं आणि दोर पुढे, केबिनच्या छपरावर नेला. जागा ऐसपैस झाली. फक्त सुकाणूपाशी बसलेल्या बाईंचा हात दोराला पोचेना.

"मी आहे ना दोराला," नवरोबा म्हणाले.

पुढच्या सुट्टीला सगळं लटांबर निघालं. वाऱ्याचा झोत आला.

"सोडा! अहो, दोर सोडा!" बाई ओरडल्या.

दोरवाले नवरोबा पाय पसरून गप्पा छाटत होते. होडी कलंडली, पाहुणे पाण्यात. भिजून काठावर आल्यावर नवरोबा सगळ्यांदेखत म्हणतात, "हिला होडी झेपत नाही. यापुढे सुकाणू मी धरणार." चोर तो चोर, वर शिरजोर! डब्यात मी नुसती खदखदत होते.

दुसऱ्या सकाळी बाई ड्रिल घेऊन आल्या. जुनी भोकं सैल झाली होती, म्हणून जाड स्क्रू घालून त्यांनी मला पुन्हा मधोमध बसवलं आणि दोर ओवला. नवरोबा धावत धक्क्यावर आले.

"अगं, पण मग पाहुणे बसणार कुठे?"

"काठावर," बाई म्हणाल्या आणि एकट्याच निघाल्या.

तर मंडळी, मी इथेच आहे आणि इथेच राहणार. होडीत येणार असाल तर खाली बघून पाय टाका. नाही बघितलंत, तर नडगी तुमची.