साळुंकीची खोबण

बायकोची, तुळजाबाईची, तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी नत्थूजी हातमागावर बसला. पाचपावलीतल्या त्या खोलीत मागाच्या बरोबर वर, वीट निसटून भिंतीत खोबण झाली होती. दर उन्हाळ्यात साळुंक्यांची जोडी तिथं घर करी. चिंध्या, सुताचे तुकडे, कुठून तरी आणलेली सापाची कात, सारं आत कोंबलेलं. तपकिरी अंग, काळं डोकं, चोच आणि पाय हळदीत बुडवल्यासारखे, डोळ्यामागं तसाच पिवळा डाग. उडाली की पंखातलं पांढरं दिसे. चिमणीसारखं टुणटुणणं नाही. अंगणात पाटलासारखी चाल.

तुळजाबाई त्या दिवसांत खोबणीखाली जुनं लुगडं बांधायची. विणलेल्यावर शीट पडू नये म्हणून, असं नत्थूजी समजे.

एक साळुंकी खिडकीतून आली की दुसरी मान हलवून बोलायला लागे. कुरकुर, शिट्टी, पुन्हा कुरकुर. नवरा-बायकोचंच बोलणं. चौथ्या दिवशी नत्थूजीला ते ऐकवेना. दोघं चरायला गेलेली बघून त्यानं शिडी लावली आणि खोबणीत मातीचा गोळा थापला. पाखरू आत कोंडलं जाऊ नये, एवढं बघितलं होतं त्यानं.

दुपारी शेजारची सखूबाई सुताच्या कांड्या भरून घेऊन आली. साळुंकी चोचीत नाकतोडा धरून भिंतीला धडका देत होती.

"भाऊजी, हे काहून बुजवलं?"

"शीट पडून राहिली पातळावर."

"आन् पिल्लं?"

"कोणती पिल्लं?"

"अवं माय! तीस वर्षं खाली बसले तुम्ही! पिल्लू पडलं तं मागात सापडू नाही, म्हणून लुगडं बांधे ना तुळजाबाई."

नत्थूजी शिडी चढला, माती उकरली. आत हात घातला. दोन ऊन लागली, तिसरं थंड. सखूबाईकडे त्याला बघवेना.

"आता बाहेर बसा," ती म्हणाली. "तुमचा भेव बसला त्याईले."

तो ओट्यावर येऊन बसला. गल्लीतला लहानू विणकर चालला होता.

"काय गा नत्थूजी, भरदुपारी ओट्यावर? माग रुसला का तुयावर?"

"कमर धरली."

लहानू हसायचा थांबला. जवळ येऊन बसला. "वैनी असती तं तेल चोळलं असतं," तो हळूच म्हणाला. "मी चोळून देऊ का?"

तो खरंच बाह्या वर सारायला लागला. नत्थूजीनं त्याचा हात धरला.

"कमर नाही धरली गा. पिल्लं कोंडली मी. त्या दोघाईचं बोलणं सहन नाही झालं मले. एक मेलं."

लहानूनं बाह्या खाली केल्या. पण उठून गेला नाही.

त्यांच्या डोक्यावरून पंख फडफडले आणि खिडकीतून आत गेले. नत्थूजीनं मान वर केली नाही. आतून चिवचिव आली, दोनच पिल्लांची.