मुकुट उंबऱ्याबाहेर

जिल्बेर्तुने मला दोन पानं लिहून मागितली तेव्हा मुकुट आमच्या घरी येऊन दोनच दिवस झाले होते.

पवित्र आत्म्याच्या सणाआधी सात आठवडे पोर्तुगीज बेटांवरून इथे येऊन वसलेल्या आमच्या लोकांच्या मंडळाचा चांदीचा मुकुट सात घरांत राहतो, एकेका घरी एकेक आठवडा. कोणाची घरं, ते आदल्या वर्षी टोपीतल्या चिठ्ठ्या काढून ठरतं. सातव्या घराचा मान मोठा. त्याच घरचं माणूस सणाच्या रविवारी मुकुट हातात घेऊन चर्चमध्ये जातं आणि तिथून जेवणाच्या हॉलवर, जिथे त्या दिवशी येईल त्याला फुकट सूप आणि पाव वाढायची रीत. आमच्या घरची सातवी चिठ्ठी निघायला एक्केचाळीस वर्षं लागली. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले होते. चिठ्ठीवरचं नाव ऐकलं आणि घरी येऊन त्यांनी समोरची खोली स्वतःच्या हाताने रंगवायला काढली.

जिल्बेर्तु फुर्तादो आमच्या मंडळाचा अध्यक्ष. विम्याचं ऑफिस आहे त्याचं, बोलणं गोड. त्या दिवशी तो आला, मुकुटापुढे गुडघा टेकला, कॉफी घेतली आणि म्हणाला की यंदा हॉलच्या स्वयंपाकघराला बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. पितळी पाटीसुद्धा करून आली होती. साठ वर्षं त्या चुलीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा काही मान नको का? पाटी लावताना मी दोन पानं वाचावीत. परदेशातून आलेला बाप आणि त्याची शिकवण, असा विषयही त्यानेच दिला.

"भाषण नको. मनापासून लिही," तो म्हणाला. "बायका रडल्या पाहिजेत."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग दाराशी जाऊन, कोट चढवता चढवता, त्याने दुसरी गोष्ट सांगितली. यंदा हॉलच्या दारावर लाल कागदी पट्ट्या. सभासदांच्या घरांना आधी वाटायच्या, मनगटाला बांधून यायचं. पट्टी नाही त्याला आत सोडायचं नाही.

मी विचारलं, का. तो म्हणाला, गेल्या वर्षी सूप संपलं आणि आपले चाळीस सभासद उपाशी मागे फिरले. मासळीच्या कारखान्यातले ते ग्वातेमालाचे लोक आख्खी कुटुंबं घेऊन येतात, एकदा बसले की उठत नाहीत.

"आपल्या बेटांचा सण, आणि आपलीच माणसं मागे फिरणार? आणि ही माणसं कुठल्या वाटेने आली, कोणाला ठाऊक. आपले बाप रीतसर आले होते, देओलिंदा."

रीतसर हा शब्द त्याने माझ्या घरात, मुकुटासमोर उच्चारला.

माझा आवाज मुळातच लहान. आई गेल्यापासून मी एक नेम धरलाय: पहाटे उठून जपमाळ, शुक्रवारी फक्त पाव आणि पाणी, आणि रागात तोंड उघडायचं नाही. पहिले दोन सोपे आहेत. मी कॉफीचा कप उचलून आत नेला आणि नळाखाली तोच एक कप किती वेळ धूत राहिले, ते मलाच कळलं नाही.

कारण जिल्बेर्तुचा बाप कसा आला हे मला पाठ आहे. लॉरेआनोकाका आला एका चुलतभावाच्या लग्नाला, पाहुणा म्हणून, बायको आणि पाच वर्षांचा पोरगा बरोबर. लग्न झालं, पाहुणे गेले, हा गेला नाही. दोन हिवाळे ती तिघं आमच्या माळ्यावर राहिली. घरमालक खाली राहायचा, म्हणून जिल्बेर्तुला दिवसा बूट घालून चालायची मनाई होती. मोज्यांवर चालायचा पोरगा. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. इंग्रजी मुळाक्षरं मी त्याला कुजबुजत शिकवली. जेवायला माझ्या शेजारी बसायचा आणि माझ्या पावाची कड खायचा, कारण त्याला कड आवडायची. इथे राहायचे कागद झाले ते नंतर, तेही बाबांनी आपल्या मालकाकडे टोपी हातात घेऊन शब्द टाकला तेव्हा.

तो हे विसरला असेल, असं मी आजवर धरून चालले होते. पण 'रीतसर' म्हणताना त्याने मुकुटावरची नजर उचलून खिडकीकडे नेली. विसरलेलं माणूस नजर कशाला चुकवेल?

मी तोंड उघडलं नाही. नेम हे एक कारण. दुसरं कारण बाबा. ज्याला आपण वाढलं त्याला ते आयुष्यात बोलून दाखवायचं नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की आमच्या घरात माळ्याचा विषय निघाला की आई खिडक्या लावायची.

संध्याकाळी बाबांना पट्ट्यांचं सांगितलं. ते पुदिना निवडत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, मांस किती मागवलंय. मी सांगितलं. म्हणाले, दोन पातेली आणखी चढवायला हवीत, गेल्या वर्षीही मी हेच म्हणालो होतो. म्हणजे सूप कमी का पडलं होतं, तेही कळलं. मग त्यांनी पुढची जुडी घेतली.

मला त्यांचाही राग आला. पाटी लागणार तुमच्या नावाची, असं मी म्हणाले. ते म्हणाले, पाटीवर काय सूप शिजतं?

आठवडाभर रोज संध्याकाळी घरी जपमाळ. मुकुट ज्या घरी असेल तिथे कोणीही यावं, अशी रीत. शेजारणी आल्या, मंडळातले आले आणि मंगळवारपासून मिकाएला येऊ लागली. ती मासळीच्या कारखान्यात मासे कापायला असते, माझ्या मागच्या गल्लीत राहते. कामावरून थेट यायची. हात लिंबाने चोळून यायची, तरी वास राहायचाच. दारापाशी गुडघे टेकायची, आमच्या पोर्तुगीज प्रार्थनेला तिच्या मोडक्या स्पॅनिशमध्ये (तिची मायबोली गावाकडची, वेगळीच) साथ द्यायची आणि निघताना मुकुटाच्या पायाला ओठ लावायची. बुधवारी पाहिलं तर फुर्तादोंच्या सूनबाईने खुर्ची जरा पलीकडे सरकवली होती.

इदालिनामावशी, जी बाबांबरोबर चाळीस वर्षं कोबी चिरते, ती मात्र पट्टी बघून म्हणाली, "मनगटाला बांधून जेवायचं म्हणजे आपण काय इस्पितळात भरती झालोय?" सगळे हसले. हसले आणि पट्ट्या घेऊन गेले.

ती दोन पानं मी जपमाळेनंतर बसून लिहिली. त्यात बेटावरचा ज्वालामुखी लिहिला, राखेखाली गेलेलं बाबांचं शेत लिहिलं, एकोणिसाव्या वर्षी कापड रंगवायच्या गिरणीत लागले ते लिहिलं. आणि मुकादमाची गोष्ट लिहिली. गिरणीचा मुकादम बाबांना बेटावरचा बैल म्हणायचा, चार माणसांत. एका सणाला तो दारू पिऊन हॉलवर आला आणि वाडगा घेऊन रांगेत उभा राहिला. मी नऊ वर्षांची. पळी माझ्या हातात होती. मी त्याला ओळखलं आणि त्याच्या पावावर नुसता रस ओतला, मांसाचा तुकडा पातेल्याच्या तळाशी ढकलून. बाबांनी पळी माझ्या हातातून घेतली. नळीचा तुकडा काढला, कोबी घातला, वर पुदिना, वाडगा काठोकाठ. मुकादम गेल्यावर मला एवढंच म्हणाले:

"वाडग्याकडे बघायचं, पोरी. तोंडाकडे नाही."

हे मी लिहिलं आणि पान उलटं करून ठेवलं. याच माणसाची शिकवण वाचून बायकांना रडवायचं होतं, आणि त्याच दिवशी, त्याच दारावर, मनगटं तपासायची होती. जिल्बेर्तुला लाज कशी वाटली नाही?

रविवारी चर्च भरलं होतं. मुकुट कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हे सातव्या घराने सांगायचं असतं. मी बाबांचं नाव दिलं. ते स्वयंपाकघरातून दहा मिनिटांसाठी आले, कोटाच्या आत ॲप्रन तसाच. फादरनी मुकुट टेकवला तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच नाकाने हुंगलं. गल्ली ओलांडून पातेल्यांचा वास येत होता. मुकुट उतरवला तसे ते मागच्या दाराने धावत परत गेले.

मग मिरवणूक. पुढे लाल झेंडा, मागे बँड, मध्ये मी, दोन्ही हातांवर चांदीचं तबक आणि त्यावर मुकुट. हॉलपाशी पोचलो. आत तीनशे माणसं बसलेली, वाडग्यांत पाव आणि पुदिना मांडलेला. मुकुट आत जाऊन टेबलावर बसल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही. मुकुट म्हणजे सम्राट, आणि सम्राटाआधी जेवायचं नसतं. बेटांवर ही रीत कोणी मोडल्याचं ऐकलेलं नाही, इथेही नाही.

दारात फुर्तादोचे दोन पुतणे पट्ट्यांची पेटी घेऊन उभे होते. समोरच्या फुटपाथवर रांग होती, कारखान्यातली शंभर एक माणसं. धुतलेले शर्ट, पोरींच्या वेण्यांत रिबिनी. त्यांना कोणी हाकललं नव्हतं, पट्टी लागते एवढं नुसतं सांगितलं होतं. रांगेच्या तोंडाशी मिकाएला होती. ती दोन पावलं पुढे आली, मुकुटापुढे वाकली आणि मला हळूच विचारलं, "ताई, ती पट्टी कुठे मिळते?"

तिला वाटलं होतं, कुठेतरी मिळत असेल. आपण चुकून घ्यायची राहिली असेल.

माझे पाय थांबले. ठरवून नाही. उंबऱ्याच्या एक वीत अलीकडे.

बँडचं पद संपलं. त्यांनी पुन्हा तेच धरलं, तेही संपलं. जिल्बेर्तु बाहेर आला, हसत, लोकांसाठी. म्हणाला, चल ना, सगळे बसलेत.

"यांना आधी आत जाऊ दे," मी म्हणाले. "मी शेवटी येते."

"देओलिंदा, तमाशा करू नकोस."

"मी काही करत नाहीये. उभी आहे फक्त."

तो जवळ आला. खिडक्यांत तोंडं जमली होती. कोणीतरी आतून ओरडलं, पाव वाळून गेला की आम्ही काय खायचं, दगड? बँडमधला मोठ्या भोंग्याचा बाप्या पायरीवर बसला आणि त्याने बूट सैल केले. चांदी जड असते. माझे दंड भरून आले होते आणि मुकुटावरचं चांदीचं कबुतर हलताना सगळ्यांना दिसत होतं.

"तुझ्या बापाच्या नावाची पाटी लावतोय मी," जिल्बेर्तु दातांतून बोलला. "त्यांच्याच दिवशी त्यांची शोभा करणार?"

तेव्हा ते माझ्या जिभेवर आलं. माळा, मोजे, पावाची कड, सगळं. एक वाक्य पुरलं असतं. रांग, बँड, खिडक्या, सगळ्यांना ऐकू गेलं असतं, माझ्या एवढ्याशा आवाजातसुद्धा. मी दात आवळले. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी काय गिळलं ते त्याला कळलं. त्याचा रंग उतरला. तरी तो बाजूला झाला नाही. एवढं कळूनही झाला नाही, याचाच मला आजही संताप येतो.

मग बाबा आले, ॲप्रनवर, हातात पळी. रस आटतोय, मुकुट कुठे अडकला, असं विचारतच आले. जिल्बेर्तु म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा हिला. तुमचं ऐकेल."

बाबांनी रांगेकडे पाहिलं. पुतण्यांच्या पेटीकडे पाहिलं. मग मला विचारलं, "हात दुखले का गं?"

"दुखले."

"मग ठेव ना." त्यांनी आत तोंड करून हाक दिली, "इदालिना, एक टेबल बाहेर पाठव. पांढरी चादर घाल त्यावर."

टेबल आलं, फुटपाथवर मांडलं. मी मुकुट ठेवला. बाबांनी तबक सरळ केलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मुकुट बसला," ते म्हणाले. "वाढायला घ्या."

जिथे मुकुट बसतो तिथे जेवण. त्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच. पातेली बाहेर निघाली. पहिल्या पातेल्याचा एक कान इदालिनामावशीने धरला, दुसरा मिकाएलाने. रांगेतल्या माणसांनी आतली बाकं उचलून आणली. आत बसलेले काही वेळ तसेच बसून राहिले, मग एकेक करून आपापला वाडगा घेऊन बाहेर आले आणि रांगेच्या मागे उभे राहिले, मनगटाला लाल पट्ट्या बांधून. तीन कुटुंबं न जेवता घरी गेली. ती अजून आमच्याशी बोलत नाहीत. बाबांनी चढवलेली ती जास्तीची दोन पातेली पुरली, तळाशी थोडं उरलंसुद्धा.

सगळ्यांत शेवटी जिल्बेर्तु आला. वाडगा दोन्ही हातांत धरून. बाबांनी त्याच्या वाडग्यात पावाची कड घातली, मुद्दाम शोधून. नळीचा तुकडा घातला, कोबी घातला, वर पुदिना, काठोकाठ. मान वर केली नाही. वाडग्याकडेच बघत राहिले.

मी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहिलं. चांगलं टक लावून पाहिलं.

पाटी अजून मंडळाच्या कपाटात कागदात गुंडाळलेली आहे. दोन पानंही वाचली गेली नाहीत. त्यांत माळ्याचं काही नव्हतं. ते इथे लिहिलं. बाबांना हे आवडणार नाही. त्यासाठी मी बुधवारचाही उपास धरला आहे. पण खोडणार नाही.