कुंकवाचा हात

कापड खाली आलं, टाळ्या वाजल्या, आणि माझा हात भिंतीवर नव्हता.

त्या जागी पांढरं कबूतर बसलं होतं, चांगलं गुबगुबीत. शाळेच्या पोरांचं इंद्रधनुष्य होतं, फादरांनी काढलेलं झाड होतं. मी उमटवलेला लाल पंजा तेवढा गायब.

भिंत हद्दीवरच्या जुन्या कस्टम चौकीची, आयर्लंडमधल्या डंडॉक गावाच्या वरच्या अंगाला. पलीकडे उत्तर आयर्लंड. एके काळी इथे सैनिक बंदुका रोखून गाड्या तपासायचे. चौकी गेली, भिंत उरली. दोन हजार बारा साली दोन्हीकडच्या लोकांनी मिळून ती रंगवायचं ठरवलं, तेव्हा कमिटीतली माझी शेजारीण नूला मलाही घेऊन गेली. सांगलीत मी चित्रकला शिकवायचे हो. इथे आल्यापासून नुसती डॉक्टर रविंद्रची बायको. तिने रंगाचा डबा पुढे केला तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. नव्या घरात आपण कुंकवाचा हात उमटवतो, तसा मी लाल रंगात हात बुडवून भिंतीवर ठेवला. नूला क्षणभर गप्प झाली, मग "लव्हली" म्हणाली. या लोकांना तोंडावर नाही म्हणता येत नाही.

टाळ्या संपल्यावर मी तिला गाठलं. तिचा चेहराच पडला. लाल उघडा पंजा ही इकडे ब्रिटनच्या बाजूने लढणाऱ्यांची खूण, म्हणाली. त्या पंजाच्या नावाने माणसं मारली गेली, त्यात तिचा सख्खा मामा. लोक कुजबुजायला लागले म्हणून तिने आमच्या घरी फोन केला होता.

"पण तुझा नवराच म्हणाला, तुझी काही हरकत नाही. कबूतर त्यानेच सुचवलं."

रविंद्र पलीकडे त्याच्या साहेबांबरोबर चहा पीत हसत होता.

अहो, मला सांगितलं असतं तर मीच पुसला असता! तिच्या मामाचं ऐकल्यावर कोण ठेवेल असला हात? पण हा माणूस रोज माझ्यासमोर बसून जेवत होता. मी आईला फोनवर त्या हाताचं कौतुक सांगत होते, तेही ऐकत होता. आज सकाळी "पैठणी नेस," म्हणाला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

गाडीत त्याला विचारलं.

"तू वाद घातला असतास," तो म्हणाला. "मला इथे नोकरी करायचीय, अलका. आणि एक हातच तर होता."



पुढच्या आठवड्यात गौरी आल्या. दारापासून देवापर्यंत मी पावलं काढली. पावलांशेजारी कुंकवाचे हात उमटवायचे, ही आमची रीत. रविंद्र कालवलेल्या कुंकवाचं ताट धरून उभा होता, आमची लेक निहारिका फोटो काढायला मोबाइल घेऊन. मी सिंकपाशी गेले आणि हात धुतले.

"हात राहिले की," रविंद्र म्हणाला.

"तूच उमटव," मी म्हणाले. "माझ्या वतीने तूच बोलतोस ना."

निहारिकाने मोबाइल खाली घेतला. त्याने ताट ओट्यावर ठेवून दिलं. त्या वर्षी गौरी नुसत्या पावलांनीच घरात आल्या.